निर्दोष खांदा

माझ्या मोठ्या भावाच्या उजव्या खांद्यात काहीही बिघाड नाही हे लक्षात आलं, तेव्हा मी घाबरले. मी तेव्हा बडोद्यातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शरीररचना शिकवत होते. खांदा दुखतो म्हणून माणूस येतो, आपण एकेक सांधा तपासतो, कुठेतरी दोष सापडतो आणि उपचार ठरतो, हा रोजचा क्रम. पण सगळे सांधे, सगळे बंध ठीक निघाले आणि माणूस तरीही महिनोन्‌महिने कळवळत असेल, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे असतं. दुसरीकडे म्हणजे कुठे, याची उत्तरं मोजकी आहेत आणि त्यांतली बहुतेक वाईट आहेत.

दादा माझ्याहून बराच मोठा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, पण त्याला त्या नात्यानं कोणी ओळखत नसे. जुन्या शहरातल्या एका व्यायामशाळेत तो शाळकरी वयापासून जाई आणि पुढे तिथेच मल्लखांब शिकवू लागला. बडोद्याच्या मराठी घरांत तेव्हा अशी माणसं असत. आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील शिक्षक. गुजरात वेगळं झाल्यावर काही नातेवाईक पुण्याकडे सरकले, आम्ही राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि व्यायामशाळेत दोन्ही मिसळून.

व्यायामशाळेचे प्रमुख म्हणजे वस्ताद. सत्तरी ओलांडलेले, पण मान अजून जाड, आवाज चौकातून ऐकू येणारा. त्यांच्याकडे दोन रीती होत्या. पहिली अशी की विडी, सिगारेट, तंबाखू यांना हात लावला की नाव कमी. त्यात लहानमोठा कोणी सुटत नसे. दुसरी अशी की व्यायामशाळेतला माणूस दवाखान्यात गेला, तर वस्ताद बरोबर जात. डॉक्टरांच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसत आणि निम्मी उत्तरं तेच देत. आईवडील पोराला पाठवून निर्धास्त असत, ते यामुळेच.

दादाचा खांदा दिवाळीनंतर दुखायला लागला. खरं तर खांदा नाहीच. खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला, पाठीच्या कण्याच्या बाजूला. वस्तादांनी एकदा हात फिरवला आणि सांगितलं, "खांदा उतरलाय. चोळून बसवू." मग कोमट तिळतेल, आंबेहळदीचा लेप, विटेचा शेक. दोन महिन्यांनी कळ दंडातून खाली उतरली आणि करंगळीपर्यंत जाऊ लागली. हाडांच्या डॉक्टरांकडे वस्ताद घेऊन गेले. डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढवला, सांधा नॉर्मल आहे म्हणाले, खांदा गोठण्याची सुरुवात असेल असं सांगून गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच केलं.

"दोघांनीही विचारलं, तंबाखू-सिगारेट काही?" हे वस्तादांनीच मला नंतर कौतुकानं सांगितलं. "मी म्हटलं, साहेब, आमच्या शाळेतला माणूस आहे. संपला विषय."

मी दादाला दर भेटीत म्हणे, मला बघू दे. तो हसण्यावारी नेई. "तू मेलेल्यांची मास्तरीण. मी अजून जिवंत आहे. माझी पाळी आली की ये, टेबलावर पडलेला असेन, मग काय हवं ते बघ." सगळे हसत. वहिनी तेवढी हसत नसे.

मग हनुमान जयंती आली. त्या दिवशी व्यायामशाळेत सकाळी पूजा आणि संध्याकाळी प्रात्यक्षिकं असत. मल्लखांबावर पहिली सलामी देण्याचा मान दादाचा होता. मी आणि वहिनी भिंतीशी सतरंजीवर बसलो होतो. संध्याकाळ झाली तरी चैत्राचा उकाडा उतरला नव्हता. खांबाला एरंडेल चोळलेलं, त्यावर दिव्याचा उजेड चकाकत होता.

दादा खांबाच्या पाया पडला आणि चढला. पायांची पकड बसली तोवर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पुढे उजव्या हातानं खांब धरून अंग बाहेर फेकायचं होतं. हात खांबावरून ओलं फडकं घसरावं तसा सुटला. पायांच्या पकडीवर तो उलटा लोंबकळला, क्षणभरच, मग डाव्या हातानं स्वतःला वर ओढून घेतलं, नमस्कार केला आणि उतरला. टाळ्या पडल्या. एरंडेल जास्त झालं असेल असं लोकांना वाटलं.

तो आमच्याकडे आला तेव्हा घामानं निथळत होता. म्हणजे डाव्या अंगानं. डावं कानशील, डावा गाल, गळ्याची डावी बाजू यांवरून धारा लागल्या होत्या. नाकाच्या मधोमध जणू कोणी रेघ ओढली होती. उजवी बाजू पूर्ण कोरडी. पावडर लावल्यासारखी.

"मास्तर, अर्धेच सावलीत उभे होतात काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"अरे, अर्धाच हात चालला, घामही अर्धाच येणार ना," दादा म्हणाला. हशा झाला.

मी जवळ जाऊन त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजवी पापणी डावीपेक्षा किंचित खाली आली होती. "थकलेत," वहिनी म्हणाली, "झोप नाही होत हल्ली." घाम आणणारे आणि पापणी उचलून धरणारे बारीक मज्जातंतू मानेच्या तळाशी, पहिल्या बरगडीच्या पुढून जातात. त्या मज्जातंतूंवर कशाचा तरी दाब आल्याशिवाय चेहरा असा दुभंगत नाही. खांदा उतरून तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी तशीच गोत्रीला गेले. दादानं तिथे नव्या सोसायटीत घर घेतलं होतं. तेव्हा गोत्रीत सोसायट्या कमी, मोकळे प्लॉट जास्त. ऊन अजून लख्ख होतं. मी वेळ न घालवता सांगितलं, "शर्ट काढ आणि ओट्यावर स्टुलावर बस. आज मी नाही ऐकणार."

"वहिनी तुझी बघते आहे," दादा म्हणाला.

"वहिनीनं तुला शर्टाशिवाय पाहिलंय. बस."

तो बसला. वहिनी दारात गवारीच्या शेंगा मोडत बसली.

मी वरून सुरुवात केली. गळ्याखाली मधोमध खळगा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना बोट लावलं तर दोन टेंगळं लागतात. तिथे कॉलरबोन, गुजरातीत जिला हांसडी म्हणतात ती, छातीच्या हाडाला मिळते. दंड, कोपर, पंजा, खवाटा हे सगळं मिळून धडाला हाडानं जोडलेलं आहे ते फक्त या एका जागी. सांधा अंगठ्याच्या पेराएवढा. बाकी सगळा हात स्नायूंनी आणि बंधांनी लटकवून ठेवलेला आहे. मी दरवर्षी हे सांगते आणि दरवर्षी मुली आपल्या गळ्याला हात लावून बघतात. तिथे बोट ठेवून मी दादाला खांदे उचलायला लावले, पुढे-मागे करायला लावले. सांधा तेल दिलेल्या बिजागरीसारखा हलला. दाबलं, दुखलं नाही.

कॉलरबोनवरून बोट बाहेर नेलं. कुठे उंचवटा नाही, जुनी मोड नाही. बाहेरच्या टोकाला ती खवाट्याच्या छपरासारख्या कडेला टेकते. तो दुसरा सांधा. त्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला, खवाट्याचं एक हाड कावळ्याच्या चोचीसारखं पुढे आलेलं असतं. त्या चोचीपासून कॉलरबोनपर्यंत दोन जाड बंध जातात. खवाटा आणि त्याच्या आधारानं लटकणारा सबंध हात यांचा भार ते कॉलरबोनला टांगून ठेवतात. उंचावरून खांद्यावर पडलं की हे बंध तुटतात, कॉलरबोनचं टोक कातडीखाली पायरीसारखं वर येतं आणि खांदा खरोखरच खाली उतरतो. वस्तादांनी अशा खांद्यांवर आयुष्यभर हात फिरवला होता. दादाच्या खांद्याला पायरी नव्हती. टोक दाबलं, हललं नाही. उजवा हात छातीवरून डाव्या खांद्याकडे ओढला. सांधा दुखरा असता तर तो इथे ओरडला असता.

"झालं का?" दादा म्हणाला.

"बोलू नकोस. हात सैल सोड."

तिसरा म्हणजे खांद्याचा खरा, गोल फिरणारा सांधा. बशीत लिंबू ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं खवाट्याच्या उथळ खोबणीवर टेकलेलं असतं. भोवती बंधांची सैल पिशवी. गोठलेल्या खांद्यात ही पिशवी आखडते आणि हात बाहेरच्या बाजूला वळेनासा होतो. ते सगळ्यांत आधी होतं, त्यात चूक होत नाही. मी दादाचं कोपर कमरेशी धरून पंजा बाहेर वळवला. माझा हात वळतो त्याहून जास्त वळला. वर नेला, कानाला लागला. मागे नेला, पाठीवर चढला. मल्लखांबानं घडवलेला, विशीतल्या पोराला शोभेल असा सांधा.

शेवटी खवाटा. तो बरगड्यांवरून सरकतो. तिथे हाडाला हाड जोडलेलंच नाही, तरी आम्ही त्याला सांध्यातच धरतो. माझा तळवा त्यावर ठेवून त्याला हात वर-खाली करायला लावला. खवाटा वेळेवर फिरला, अडखळला नाही. पण त्याच्या आतल्या कडेला नुसतं बोट टेकवलं तर दादा दातांवर दात आवळून बसला.

मी थांबले. वहिनीच्या शेंगा मोडायच्या थांबल्या होत्या.

"हात दे," मी म्हटलं. दोन्ही पंजे उन्हात एकमेकांशेजारी ठेवले. उजव्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग बसला होता, तिथे खड्डा दिसत होता. वर्तमानपत्राचा तुकडा त्याच्या बोटांच्या बेचक्यात धरायला दिला आणि ओढला. डाव्या हातातून फाटला. उजव्यातून अलगद सुटून आला.

"ही काय जादू?" दादा म्हणाला, पण त्यानं स्वतःच पुन्हा तुकडा धरून बघितला. पुन्हा सुटला. मग त्यानं थट्टा केली नाही.

कॉलरबोनच्या वर, मानेच्या बुंध्याशी दोन्हीकडे एक खळगा असतो. डावीकडे चमचाभर पाणी राहिलं असतं. उजवीकडे तो भरून आला होता. मी तीन बोटं हलकेच आत दाबली. टणक लागलं.

पुष्कळांना वाटतं, फुफ्फुस छातीत असतं, म्हणजे कॉलरबोनच्या खाली. तसं नाही. फुफ्फुसाचा शेंडा पहिल्या बरगडीच्याही वर, मानेत डोकावतो. त्याच्यावरून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जुडी जाते आणि हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. कॉलरबोन त्यांच्यापुढे कवाडाच्या अडसरासारखी आडवी. जागा अगदी चिंचोळी. तिथे काही वाढलं तर दुखतो खांदा, बारीक होतो पंजा, सुकतो अर्धा चेहरा. खोकला येईलच असं नाही.

"तो एक्स-रे कुठे आहे?" मी वहिनीला विचारलं.

तिनं गादीखालून पाकीट काढून आणलं. मी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. दोन डॉक्टरांनी पाहिली होती आणि खांद्याची फिल्म म्हणून खांदाच पाहिला होता. तो बिनचूक होता. गोल डोकं गोल, मधली फट सारखी, कडा स्वच्छ. मी फिल्मच्या आतल्या कोपऱ्याकडे गेले. खांद्याचा फोटो काढताना तिथे फुफ्फुसाचा वरचा तुकडा ओघानं येतो. हवा असल्यामुळे तो काळा दिसायला हवा. तिथे कापसाचा बोळा ठेवल्यासारखं पांढरं होतं. दुसऱ्या बरगडीची रेघ मणक्यापासून निघत होती, मध्येच बोटभर जागेत नाहीशी होत होती आणि पुढे पुन्हा सुरू होत होती.

"काय म्हणते फिल्म?" दादा शर्ट घालत म्हणाला. डाव्या हातानं बटणं लावत होता.

"खांदा चांगला आहे."

"बघ! वस्ताद म्हणतात तेच. हाड चांगलं आहे, जागेवर नाही एवढंच. रविवारी काम होऊन जाईल."

"रविवारी काय?"

"करजणला जायचंय. वस्तादांच्या ओळखीचा हाडवैद आहे तिथे. मान आणि हात दोन बाजूंनी धरून एकदाच खेचतो. कडकन आवाज येतो म्हणे आणि माणूस हसत उठतो."

माझ्या डोळ्यांपुढे ती तुटकी रेघ होती. पांढरं जे काही होतं त्यानं बरगडी खाल्ली होती. शेजारचा मणका किती खाल्ला होता ते फिल्ममध्ये येत नव्हतं. अशा मानेला दोन बाजूंनी धरून खेचलं तर कडकन आवाज नक्की आला असता. दादा त्यानंतर उठला असता की नाही, ते सांगता येत नव्हतं.

"रविवारी तू कुठेही जात नाहीस," मी म्हटलं. "उद्या छातीचा फोटो काढायचा."

"छातीचा कशाला? मला खोकला तरी आहे का? शिंकतसुद्धा नाही मी." तो चिडला होता. "सोमवारी बघू. आधी करजण."

मी स्वयंपाकघरात वहिनीमागे गेले. तिनं पातेलं चढवलं होतं, पण खाली गॅस लावला नव्हता.

"वहिनी, दादा सिगारेट ओढतो?"

ती पातेल्याकडेच बघत राहिली. "कोणी सांगितलं, वन्सं?"

"कोणी नाही. मीच विचारते आहे."

"कचेरीच्या शर्टांना वास येतो. लग्न झालं तेव्हापासून येतो. ते शर्ट मी आधी स्वतः खळबळून घेते, मग भांडीवालीला देते. तिचा मुलगा जातो ना व्यायामशाळेत." तिनं काडी ओढली, ती विझली. "मी काय करणार होते? वस्तादांना कळलं असतं तर यांचं तिथलं नाव गेलं असतं. त्या नावावरच जगतात हे. कचेरीत यांना कोण विचारतं?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना?"

"वस्ताद शेजारी बसलेले असताना काय सांगणार?"

दादानं मला त्या संध्याकाळी दाद दिली नाही, दुसऱ्या दिवशी फोनवरही नाही. छातीचा फोटो म्हणजे नवा डॉक्टर. नवा डॉक्टर तोच प्रश्न विचारणार आणि शेजारच्या खुर्चीत वस्ताद बसणार, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. मी एकटीच येते म्हटलं, तर म्हणाला, "वस्तादांना टाळून गेलो तर त्यांना काय वाटेल?" माणूस कशाला भितो याला काही ताळतंत्र नसतं.

शनिवारी मी व्यायामशाळेत गेले. कुस्तीच्या हौद्यातली माती नुकतीच भिजवलेली, मुलं अजून आली नव्हती. वस्ताद बाजेवर बसून पायाला तेल लावत होते.

"ये पोरी. उद्या करजणला तूही चल. तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत ते बघायला मिळेल."

"वस्ताद, दादाला उद्या नेऊ नका. त्याचा खांदा उतरलेला नाही."

"मी सहा महिने चोळतोय तो काय आहे मग?"

"चांगला खांदा आहे. तुम्ही एक चांगला खांदा चोळताय."

त्यांचा हात पिंढरीवर थांबला. असं त्यांच्याशी कोणी बोलत नसे. मी थांबले नाही. कागदाचा तुकडा सुटला ते सांगितलं, अर्ध्या चेहऱ्याच्या घामाचं सांगितलं. मान खेचली तर काय तुटेल तेही सांगितलं.

"मग दुखणं आहे कुठे?"

"फुफ्फुसाच्या शेंड्याला. वर, इथे." मी माझ्याच मानेच्या बुंध्याला बोट लावलं.

"फुफ्फुसाला काय होणार त्याच्या? लहानपणापासून दम कमावलेला गडी आहे. क्षयाच्या वाटेला गेला नाही, विडीला कधी..." ते बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढून घेतली नाही. हौद्याच्या कडेला एक कुत्रं ओल्या मातीत पोट टेकून पडलं होतं, त्याला त्यांनी उगीचच हाकललं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ते त्यानं सांगायचं."

बराच वेळ ते पायाचं तेल पुसत होते. मग म्हणाले, "करजणला निरोप धाडतो. सोमवारी कोणत्या दवाखान्यात?"

सोमवारी आम्ही तिघं रिक्षातून गेलो. छातीचा फोटो काढणारा गुजराती माणूस बोलका होता; श्वास रोखायला सांगताना त्यानं दादाच्या दंडांचं कौतुक केलं. फिल्म धुऊन आल्यावर तो बोलायचा थांबला. "बेन, साहेबने मळी लो," डॉक्टरांना भेटून घ्या, एवढंच म्हणाला आणि पाकीट दादाच्या हातात न देता माझ्या हातात दिलं.

छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत टेबलापुढे तीन खुर्च्या होत्या. दादा मधल्या खुर्चीत, वस्ताद त्याच्या उजवीकडे, मी डावीकडे. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. डावा शेंडा काळा होता, उजवा पांढरा. ते समजायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. त्यांनी दादाचा पंजा पाहिला, पापणी पाहिली, मानेत बोटं घातली. मग खुर्चीत बसून पेन उघडलं.

"सिगारेट, विडी?"

दादानं जमिनीकडे पाहिलं. वस्तादांनी बाजूला ठेवलेली काठी उचलली.

"साहेब, मला इथे गरम होतंय. मी बाहेर बसतो," ते म्हणाले. डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. ते उठले, बाहेर गेले आणि त्यांनी दार आपल्यामागे ओढून घेतलं.

"कॉलेजपासून," दादा म्हणाला. "दिवसाला एक पाकीट. हल्ली जास्त."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

परत येताना वस्ताद रिक्षात पुढे, चालकाशेजारी बसले. दादाला त्याच्या दारात सोडलं तेव्हा ते उतरले नाहीत. त्यांनी पुढे त्याचं नाव कमी केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि दादा त्यानंतर मल्लखांबाकडे गेला नाही.

सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. त्याच व्यवसायातली म्हणून त्यांनी आडपडदा ठेवला नाही. कर्करोग होता. बरगडी गेली होती, मणक्यात शिरला होता, कापून काढण्यापलीकडे होता. किरणांचा उपचार करता येईल, त्यानं दुखणं हटेल. पुढची दिवाळी दिसेल का, या प्रश्नाला त्यांनी मान हलवली, ती कोणत्या दिशेनं हे मी दोनदा बघितलं नाही.

मी सरळ गोत्रीला गेले. दुपार होती. दादाचं जेवण झालं होतं, तो ओट्यावरच्या झोपाळ्यावर उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवून बसला होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता. वहिनी नेहमी सगळ्यांमागून जेवायची.

"बोल," तो म्हणाला.

"शेक द्यायचा म्हणतात. किरणांचा."

"त्यानं दुखायचं थांबेल?"

"बरंच कमी होईल."

"आणि हाताची ताकद?"

"ती परत येणार नाही."

"आणि ते? ते जाईल?"

"नाही."

झोपाळा हलत होता, त्यानं तो पायानं थांबवला. समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कोणाच्या तरी घराच्या पायाचे खड्डे खणत होते, तिकडे तो बघत राहिला. मी उभीच होते.

"आता आत जाशील?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"हो. तिला सांगायला हवं."

"आत्ताच ताट वाढून घेतलंय तिनं. तिचं जेवण होऊ दे."

मी आत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसले. वहिनीनं विचारलं, तुम्ही जेवणार ना वन्सं, मी म्हटलं, जेवून आले. ती पोळी कढीत बुडवून खात होती. मग तिनं भात घेतला, त्यावर ताक ओतलं, मीठ लावलं. मी तिला घाई केली नाही. तिनं ताट मोरीत ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे वळली. मग मी तिला सांगितलं.